सील लावलेल्या घराचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. हल्ली इमारतीच्या मीटरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असतो. उघडणं नाही, मिटणं नाही. विश्रांती मला हवीच होती, पण ती अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

एका सुताराने मला भरीव लाकडातून घडवलं आणि तळमजल्यावरच्या घराला बसवलं. घरमालकांचा छोटा छापखाना होता. त्यांच्या बोटांची शाई जाता जात नसे, त्यामुळे कडीजवळची माझी कड कायम काळी. त्यांच्या घरच्या वहिनी दर रविवारी ती पुसत आणि म्हणत, "हात धुऊन या म्हटलं, तर दाराला पुसून येतात." पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि असं दार आता मिळत नाही म्हणत. मला बरं वाटे.

पुढे छापखान्याची कामं आटली आणि तो बंद पडला. घरावर बँकेचं कर्ज होतं. माझ्या फटीतून बँकेची पत्रं आत पडू लागली. एका सकाळी सगळं कुटुंब टेंपोत बसून गेलं. छपाईचं एक जुनं हातयंत्र तेवढं टेंपोत मावलं नाही, ते आतल्या खोलीत राहिलं. मग बँकेची माणसं आली. त्यांनी आपलं कुलूप लावलं, त्यावर लाखेचा शिक्का मारला आणि माझ्या छातीवर एक कागद डकवला. घर बँकेच्या ताब्यात आहे, त्याचा लिलाव होईल, कोणीही आत जाऊ नये, असं त्यावर लिहिलं होतं. लिलावाची तारीख दोनदा पडली आणि दोनदा टळली. माझ्या कडीत जाहिरातींचे कागद साठले. मला पुसायला कोणी उरलं नाही.

वर्षभराने इमारतीची लिफ्ट बिघडली. पाचव्या मजल्यावर गणिताचे निवृत्त सर आणि काकू राहत. सरांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. शेजारी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणत. एकदा वळणावर खुर्ची कलंडली. सर कसेबसे वाचले, पण त्यानंतर म्हणाले की आता पुरे, मी जाणार नाही. त्या दुपारी काकू माझ्यासमोरच्या पायरीवर येऊन बसल्या. रडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पाहिलं आणि तासाभरात कुलूपवाल्याला घेऊन आले. "रिकामंच तर पडलंय," ते म्हणाले. "चार दिवसांचा प्रश्न." शिक्का फुटला. माझ्या बिजागऱ्या किंचाळल्या. सर आणि काकू खाली राहायला आले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

लिफ्टचा सुटा भाग येता येईना आणि चार दिवसांचे चार महिने झाले. दार उघडंच आहे म्हणून सोसायटीच्या खुर्च्या आत आल्या. मागोमाग रंगाचे डबे आले, कोणाचा तरी जुना पलंग आला. भिंतींत खिळे ठोकले गेले. जागा हवी म्हणून हातयंत्र ओढत नेऊन उघड्या गॅलरीत ठेवलं. सर नको म्हणत होते, पण त्यांचं ऐकतंय कोण?

एके दिवशी बँकेच्या अधिकारी बाई घर दाखवायला गिऱ्हाईक घेऊन आल्या. फुटलेला शिक्का बघून त्यांनी गिऱ्हाइकाला परत पाठवलं. आजारी माणसाला आसरा दिला, यात आमचं काय चुकलं, असं सेक्रेटरींनी विचारलं. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "विकलं जाईपर्यंत घर मालकांच्याच नावावर आहे. आम्ही ताबा घेतलाय तो विकण्यापुरता. तुमचं तर यातलं काहीच नाही. आत नळ फुटला असता तरी आधी आम्हाला बोलवायचं होतं." मग त्यांनी विचारलं, मालकांना फोन केला होता का? सेक्रेटरींनी केला नव्हता. नंबर त्यांच्या वहीत होता. पण सोसायटीची वर्गणी थकल्यापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक आले. गॅलरीत जाऊन त्यांनी गंजलेल्या यंत्रावरून अंगठा फिरवला. परत आल्यावर सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "विचारलं असतं तर मीच बँकेत जाऊन रीतसर परवानगी आणली असती. सरांना मी नाही म्हटलं असतं का?"

पण त्या दिवशी सरांना घर सोडावंच लागलं. खुर्ची पुन्हा वर गेली. सर डोळे घट्ट मिटून बसले होते. बाईंनी नवा शिक्का मारला आणि त्याच पायरीवर बसून मालकांकडून अर्ज लिहून घेतला.

परवानगी यायला नऊ दिवस लागले. तेवढ्या काळात सरांच्या दवाखान्याच्या दोन खेपा चुकल्या, पाय सुजले. परवानगीत लिहिलं होतं की फक्त सर आणि काकू राहतील, भाडं घ्यायचं नाही, सामान ठेवायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, आणि लिफ्ट सुरू होताच किंवा लिलाव होताच घर रिकामं करायचं. सोसायटीच्या खुर्च्या सेक्रेटरींनी स्वतः उचलून बाहेर काढल्या आणि सर-काकू पुन्हा खाली राहायला आले.

त्यानंतरच्या आठवड्यात मालक आपलं यंत्र न्यायला आले. मी अर्धा उघडाच होतो. तरी ते बाहेर थांबले आणि त्यांनी माझ्यावर टकटक केलं. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी वाजवलं नव्हतं.

"सर, येऊ का आत?"

सर आतून म्हणाले, "अहो, घर तुमचंच आहे."

"असू दे," मालक म्हणाले. "राहता तुम्ही."

पुढे लिफ्ट सुरू झाली आणि सर वर गेले. घर विकलं गेलं, नव्या माणसांनी लोखंडी दार लावलं आणि मी इथे आलो. मित्रांनो, बंद घर दिसलं म्हणून ते कोणाचंच नाही असं समजू नका. हेतू चांगला असला तरी आधी विचारा. उत्तर यायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. तरीही विचारा.