मुरगूडला दिलेलं पिल्लू

पूर्णिमाच्या घरी कुत्र्याची पिल्लं नुसती वाढत नसत, त्यांची शाळाच भरे. कोल्हापुरात कळंब्याच्या तळ्यामागं तिचं बैठं घर. घरात चार मुधोळ कुत्र्या. वर्ष-दीड वर्षानं त्यातली एखादी व्याली, की पिल्लांचे डोळे उघडायच्या आत पूर्णिमाची यादी तयार असायची. मुधोळ जात मुळात बुजरी. परका माणूस दिसला की कोपरा धरायचा आणि दिवसभर सोडायचा नाही, असला स्वभाव. हा बुजरेपणा पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन महिन्यांचं होईपर्यंतच मोडता येतो, नंतर ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही, असं ती येईल त्याला ऐकवायची.

म्हणून पिल्लांना माणसं दाखवायची. दाढीवाला, टक्कलवाला, डोक्यावर पदर घेतलेली, काठी टेकत चालणारा, हेल्मेट घातलेला. हेल्मेट घालून अंगणात मांडी घालून बसायला पूर्णिमानं गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही सोडलं नव्हतं. शेजारच्या तानाबाईकडं छत्रीचं खातं होतं. ऊन असो की ढग, ती रोज साडेचारला छत्री उघडून अंगणात तीन फेऱ्या मारायची. गल्लीनं तिला कधीच वेड्यात काढलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं. सहा पिल्लं पदराला लोंबकळत मागून यायची, तेवढ्यावर म्हातारी खूष.

मग आवाज. सकाळी मिक्सर, दुपारी कुकर. रोज एकदा स्टीलचं ताट ओट्यावरनं मुद्दाम पाडायचं, पहिल्या दिवशी आतल्या खोलीत, मग रोज थोडं जवळ. एका रविवारी तर हलगीवाला बोलावून झाला. आणि एवढ्यानंही काही कमी पडलं तर घरात विजयसिंह होता, पूर्णिमाचा नवरा. मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारणारा माणूस. त्यानं जेवताना मीठ मागितलं की शेजारी मीठ घेऊन यायचे.

शिस्तीचं काम थोरल्या कुत्रीकडं, हौशीकडं. खेळताना कुणाचा दात जोरात लागला की हौशी त्या पिल्लाला पंजाखाली दाबून धरायची, ते कुंईकुंई करून नमलं की सोडायची. त्याची आई मैना तेव्हा खुशाल दुसरीकडं बघत बसायची. या शाळेतून बारा वर्षांत चाळीसेक पिल्लं बाहेर पडली, पण एकही परत आलं नाही. पूर्णिमाला कशाचा गर्व असेल तर तो याचाच.

यंदाची सहा पिल्लं ओळखायला तिनं त्यांच्या गळ्यात रंगीत लोकर बांधली होती. हिरव्या लोकरीचा सगळ्यांत धीट. हलगीच्या पुढ्यात झोपलेला तो एकटाच. त्याला न्यायला मुरगूडचे सयाजी आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारे. पूर्णिमानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि लेक देणाऱ्या बापालाही सुचणार नाहीत असले प्रश्न सुरू केले.

"घरात कोण कोण असतं काका?"

"मी आनि मालकीन."

"बांधून घालणार?"

"न्हाय. परड्यात मोकळं फिरंल की."

"मांजर हाय?"

"येतंय एक. पर कुनाचं न्हाय त्ये."

"आणि काकूंची काय तक्रार? कुत्रं आणताय म्हणून काही म्हणतात?"

सयाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "न्हाय," ते म्हणाले. "त्या कायबी म्हनत न्हाईत."

माणूस तिला पसंत पडला. उत्तर शंभर टक्के खरं होतं, हे तिला पाच दिवसांनी कळायचं होतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पिल्लू खात नाही. पूर्णिमानं ताकात कुस्करलेली भाकरी सांगितली, उकडलेलं अंडं सांगितलं. नवीन जागा हाय, दोन दिवस लागतात, म्हणाली. पाचव्या दिवशी परत फोन. "ताई, कॉटखालनं भाईरच येईना. वाळून चाललंय. घिऊन जावा."

पूर्णिमानं हातातलं काम तिथंच टाकलं. पिल्लू परत येणार म्हणून नाही, म्हणजे तेही होतंच, खोटं कशाला बोला. पण हलगीपुढं घोरणारं लेकरू कशाला एवढं भ्यालं असेल, याचा तिला काही केल्या उलगडा होईना. कुणीतरी वसकन ओरडलं असणार, असं तिनं ठरवून टाकलं. विजयसिंहाला गाडी काढायला लावली आणि बसायच्या आधीच बजावलं, "तिथं तोंड उघडायचं न्हाय. पिल्लू आधीच घाबरलंय."

"मी काय केलं?" विजयसिंह म्हणाला. तळ्यावरचे बगळे उडाले.

मुरगूडचं घर नीटनेटकं होतं. परड्यात शेवग्याचं झाड, मागं गोठा, पण गोठ्यात जनावर नव्हतं. सयाजींनी हातानंच 'या' म्हटलं. बनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, पाण्याचा तांब्या आवाज न करता फरशीवर ठेवला आणि त्या आत गेल्या. कॉटजवळ ताटली होती, ताटलीत भाकरी सुकून कडक झाली होती. पूर्णिमा फरशीवर पालथी पडली. कॉटखाली भिंतीशी हिरवी लोकर आणि दोन डोळे. तिनं जीभ टाळ्याला लावून चुटचुट केलं, लाडाची नावं घेतली, हाका मारल्या. पिल्लानं तिला ओळखलं, पण ते जागचं हललं नाही.

तिनं कान लावला. याला भिववणारा आवाज कुठला? गल्लीत शुकशुकाट. टीव्ही बंद, वर क्रोशाचं झाकण. आत चहा होत होता, पण भांडं भांड्याला लागत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू होतं. पाच मिनिटांत पूर्णिमालाच गुदमरल्यासारखं झालं.

चहा आला. विजयसिंहानं घोट घेतला. तासाभराच्या रस्त्यात त्या माणसानं एक शब्द काढला नव्हता, पण सहनशक्तीला काही मर्यादा असते. तो बायकोच्या कानाशी वाकून, त्याच्या हिशेबानं अगदी हळू, म्हणाला, "साखर न्हाय गं ह्यात!"

गल्लीतलं कुत्रं भुंकलं. आणि कॉटखालून आवाज आला, टप, टप, टप. शेपूट फरशीवर आपटत होतं.

पूर्णिमा उठून बसली. तिनं या लेकराला हेल्मेट दाखवलं, छत्री दाखवली, ताटं पाडली, हलगी ऐकवली. गप्प घर दाखवायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कोल्हापुरात कुणाच्या आलं असतं?

"काका," तिनं सरळ विचारलं, "तुम्ही दोघं बोलत न्हाय व्हय?"

सयाजींनी बशीत बघत सांगितलं. अबोला होता. गेल्या चैत्रापासून, अकरा महिने. बनाबाई लेकीकडं नेसरीला गेल्या होत्या, तेवढ्यात सयाजींनी म्हैस विकली. त्या परत आल्या, गोठा बघितला आणि तोंडाला कुलूप घातलं. घरात जरा जिवंतपणा येईल म्हणून सयाजींनीच कुत्रं आणलं होतं.

पूर्णिमाला म्हाताऱ्याची दया आली, पण पिल्लाची त्याहून जास्त आली. उपाशी जीव असा किती दिवस ठेवायचा? बारा वर्षांचा गर्व तिनं गिळला आणि पिशवीतून पट्टा काढला.

"ह्या घरात त्ये जगणार न्हाय काका. मी नेते ह्याला."

"न्या," सयाजी खाली मान घालून म्हणाले. "मीच बोलवलंय तुमास्नी."

"कोन नेतंय?"

आवाज दारातून आला. अकरा महिने न वापरलेला, गंज चढलेला आवाज. बनाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, हातात सांडशी.

"म्हस नेली तवा मी लेकीकडं गेलते," त्या नवऱ्याकडं बघून म्हणाल्या. "आज तर हितं चुलीम्होरं हाय न्हवं जित्ती? आजबी इचारायचं न्हाय? परत आपलं आपुन ठरवायचं?"

सयाजींनी बशी खाली ठेवली. "तू बोलत न्हवतीस!"

"मी बोलत न्हवते, पर ऐकत हुते की! कान काय नेसरीला ठिऊन आलते?"

"अगं, तुझं गुडघं बघवत न्हवतं मला!" सयाजीही आता उठले, आणि शब्द मोजायचे राहून गेले. "पाचाला उठायची, भिंतीला धरून शेन काढायची. बगून माझा जीव वर-खाली व्हायचा. म्हनून इकली!"

"मग त्ये सांगाया काय झालतं? मला वाटलं, म्हस जड झाली, उद्या मीबी जड हुईन!"

"सांगितलं असतं तर इकू दिली असतीस?"

"न्हाय!"

"मग?"

"मग काय मग! न्हाय म्हनले असते, भांडले असते, चार दिस जेवले नसते, आनि मग इकली असती! पर जाताना तिच्या गळ्यात पडून रडले तर असते! बारा वर्सं दूध काढलं तिचं, आनि तिची पाठबी बघाय मिळाली न्हाय मला!"

विजयसिंह चहा विसरून ऐकत होता; इतका पट्टीचा आवाज त्यानं यार्डातही ऐकला नव्हता. पूर्णिमाचं लक्ष मात्र खाली होतं. कॉटखालून हिरवी लोकर बाहेर आली. पिल्लानं पुढचे पाय ताणून आळस दिला, एकदा म्हातारीकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, घरी आल्यासारखं शेपूट हलवलं आणि ताटलीतल्या कडक भाकरीला जाऊन भिडलं. कटकट, कटकट. पूर्णिमाचे डोळे भरून आले.

सयाजी खाली बसले. ते गप्प झाले. बनाबाईही दमून गप्प झाल्या. ताटलीवरची कटकट थांबली. पिल्लू मान वर करून वाट बघत होतं.

आता ते सगळ्यांनीच बघितलं.

"अवो, बोला की काय तरी!" बनाबाई घाईनं म्हणाल्या. "खायाचं थांबलंय त्ये!"

"काय बोलू?"

"त्ये मी सांगू व्हय?"

सयाजींनी टोपी काढली. ती हातात फिरवत राहिले. मग घसा खाकरून, मुलगी बघायला आलेल्या पोरासारखे अवघडून म्हणाले, "मग... इचारतो तुला. ठिवायचं काय आपुन कुत्रं?"

बनाबाईंनी सांडशीच्या हातानंच पदर डोळ्याला लावला.

"ठिवा," त्या म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पिल्लानं ताटलीत परत तोंड घातलं.