सारिपुत्ताची रजा

स्वप्नानं आबांच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. पडलेला खड्डा भरायला सत्तर सेकंद लागले. गेल्या आठवड्यात पन्नास लागले होते. तिनं आकडा वहीत लिहिला. बीडच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. आकडा लिहिताना आता तिला काही वाटत नव्हतं.

डायलिसिसला न्यायला रिक्षा दोन वाजता येणार होती. चार महिन्यांपासून आबांचं लेकीकडं एकच मागणं होतं: हे मशीन बंद कर, मला वडगावला घरी ने. मशीन बंद झाल्यावर किती दिवस, हे दोघांनाही माहीत होतं. "बघू," ती दर वेळी म्हणायची.

वडगावहून आबांचे जुने मित्र राधाकिशनकाका भेटायला आले होते. वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, गावच्या विहारात रोज संध्याकाळी आबा ग्रंथ वाचायचे आणि काका अर्थ सांगायचे. बुद्धाच्या उजव्या-डाव्या हाताच्या दोन्ही अग्रश्रावकांची, म्हणजे पट्टशिष्यांची, नावं गावानं या दोघांना कधीच देऊन टाकली होती. आबा सारिपुत्त, काका मोग्गल्लान.

"तू न्हाईस, आन् मी वाचायला लागलो की बाया पेंगतेत बे," काका म्हणाले.

"तुझा आवाजच गिरणीवानी हाय."

"काल तुझाच भाग आलता. शेवट जवळ आला म्हणून सारिपुत्त भगवंतांची रजा घेतो आन् आईच्या घरी जातो. जन्मला त्याच खोलीत देह ठेवतो."

"आन् पंधरा दिवसांनी मोग्गल्लान."

"म्हणून तर सांगायला आलो, जरा दमानं घे. मला नातीचं लगीन करायचंय अजून."

हसता हसता आबांना धाप लागली. स्वप्नानं पाणी दिलं, दोनच घोट.

"साखराबाईनं मधीच इचारलं," काका म्हणाले, "भगवंतांनी न्हाई म्हणलं असतं तर? मला काय सांगावं सुधरंना."

"तर बसला असता तिथंच," आबा म्हणाले. "समद्यात शहाणा, पर रजेबिगर उठत न्हाई तो."

ते तिच्याकडं बघतही नव्हते. चार महिन्यांत रिक्षात बसायला त्यांनी एकदाही नकार दिला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

खाली हॉर्न वाजला. आबा भिंतीला धरून उठू लागले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं.

"आबा, आज न्हाई जायचं," ती म्हणाली. "आजपासून मशीन बंद. सकाळी वडगावला जाऊ."