माझी न कापलेली पाने

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्या अंगावर खाकी कव्हर आहे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'संघमित्रा प्रेमानंद गजभिये, वर्ग बारावा'. त्यामुळे मला पाहणारा आधी फसतोच. मी पाठ्यपुस्तक नाही. माझ्या पोटात शाळेतल्या एका मुलाची आणि मुलीची प्रेमकथा आहे. आज मी भिलाईला, हुडको वसाहतीतल्या एका घरात, कपाटावर पडून आहे. हे घर संघमित्राचे नाही. माझे सारे दुःख तेच आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. त्या दिवशी कापायच्या यंत्राचे पाते बोथट होते की कारागिराला जेवायची घाई होती, कोण जाणे; माझ्या शेवटच्या प्रकरणाची पाने वरून आणि कडेने एकमेकांना जोडलेलीच राहिली. अशी अर्धवट कापलेली मी दसऱ्याला दीक्षाभूमीवर एका ताडपत्रीवर येऊन बसले.

तिथे दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. लोक दुरून येतात, सोबत आणलेली भाकर खातात आणि पुस्तक घेतल्याशिवाय परत जात नाहीत. प्रेमानंदही दरवर्षी येत. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात रोलिंग मिलमध्ये कामाला होते. त्यांना माझे नाव दिसले, 'बारावीचे वर्ष', आणि त्याखाली चित्रात दप्तर घेतलेली दोन मुले.

"माही पोरगी बारावीतच आहे. तिच्या कामी येईन," ते दुकानदाराला म्हणाले. दुकानदार गालातल्या गालात हसला आणि त्याने मला पिशवीत घातले. भिलाईला सेक्टर दोनमधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पोहोचल्यावर प्रेमानंदांनी स्वतःच्या हातांनी मला कव्हर घातले. इतक्या मायेने कव्हर घातलेली प्रेमकथा दुसरी नसेल!

संघमित्राने पहिले पान वाचले आणि तोंडावर ओढणी धरून हसत सुटली. बाबांना मात्र तिने काही सांगितले नाही. ती मला घेऊन टेबलाशी बसली की ड्यूटीवरून आलेले प्रेमानंद दारातूनच बायकोला दटावत, "हळू बोल वं, पोरगी अभ्यास करून राहिली!"

तिच्या वर्गात सुजय नावाचा मुलगा होता. शाळेत सगळा कारभार हिंदीत. एकदा सरांनी त्याला बाहेर उभे राहायला सांगितले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेले, "कावून?" सारा वर्ग खो खो हसला. संघमित्रा हसली नाही. तो शब्द तिच्या घरातला होता.

मधल्या सुट्टीत तिने विचारले, "तू मराठी आहेस काय?"

"हाव. भंडाऱ्याकडचे आहो आमी. पर बाहेर कोणी बोलतच नाही यार, तो आदत ही छूट गई."

"मंग हे वाच," म्हणून तिने मला त्याच्या हातात दिले.

तेव्हापासून मी एक आठवडा सेक्टर दोनला आणि एक आठवडा हुडकोला सुजयच्या घरी राहू लागले. मी काही मोठा ग्रंथ नाही, पण दोघे मला पुन्हा पुन्हा वाचत. एकमेकांबद्दल जे बोलायचे ते माझ्यातल्या मुलांवर ढकलून बोलत.

"हा पोरगा तिले सांगत कावून नाही?" संघमित्रा विचारायची.

"भेते."

"कोणाले?"

"आईले," सुजय म्हणायचा, आणि दोघे हसायचे. मीही हसत होते, मित्रांनो. ते माझे सुखाचे दिवस होते.

शेवटची पाने कापायला सुजयने एकदा पट्टी काढली, तेव्हा तिने माझ्यावर हात ठेवला. "आता नको. बोर्डाचे पेपर झाले का दोघं मिळून कापू."

पण त्याच महिन्यात प्रेमानंद रिटायर होत होते. संघमित्रा त्यांची उशिरा झालेली एकुलती एक लेक. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावे लागते, म्हणून पेपर संपले की दुसऱ्याच दिवशी ट्रक नागपूरला निघणार होता. "ट्रक निघायच्या आधी ये. मी फाटकाशी राहीन," ती सुजयला म्हणाली. मी तेव्हा त्याच्या दप्तरात होते.

घरी सुजयच्या आईने, वच्छलाबाईंनी, टेबल आवरताना माझ्यावरचे नाव वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. पण माहेरी मराठी शाळेत शिकलेली ती बाई. भिलाईला आल्यापासून मराठी पुस्तक हाती लागले नव्हते. त्या मला वाचत बसल्या. जोडलेल्या पानांपर्यंत आल्या आणि पदराने डोळे पुसले.

सुजय आला तेव्हा त्या म्हणाल्या, "गोष्ट मोठी चांगली आहे रे. पर ते गोष्टीत. ह्या पोरीच्या घरी तू जाऊ नको. आपल्यातली नाही ते."

"अभ्यासाचं पुस्तक आहे, आई."

"मी वाचलं," वच्छलाबाई म्हणाल्या.

तरी ट्रक निघायच्या दिवशी सकाळी सुजयने मला सायकलच्या कॅरिअरला लावले आणि तो निघाला. माझा आनंद गगनात मावेना! सेक्टर दोनच्या वळणावर तो थांबला. ट्रकमध्ये कपाट चढत होते. संघमित्रा फाटकाशी उभी होती. तिच्या हातात स्टीलची पट्टी होती.

त्यालाही ती दिसली. तो बराच वेळ एक पाय जमिनीवर टेकवून उभा राहिला. मग त्याने सायकल वळवली. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती.

त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. सुजयला आता नोकरी आहे. परवा वच्छलाबाईंनी मला खाली काढले, धूळ झटकली आणि स्वयंपाकघरातून सुरी आणली. "शेवट काय झाला, पाहू त दे."

"नको आई. ते आपलं नाही."

"मंग ज्याचं आहे त्याले देऊन ये नं." मग त्या म्हणाल्या, "मीच अडवलं तुले."

"तू कुठं अडवलं? मी गेलतो, आई. तिच्या घराजवळच्या मोडावरून वापस आलो."

वच्छलाबाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना हे ठाऊकच नव्हते.

मुलांनो, आम्हा पुस्तकांना कव्हर घाला, आमची पाने दुमडू नका, हे तर तुम्ही ऐकलेलेच आहे. माझे मागणे वेगळे आहे. पुस्तक ज्याच्याकडून घेतले, त्याला ते स्वतः नेऊन द्या. वळणावरून परत फिरू नका. फाटकापर्यंत जा.

माझ्या जोडलेल्या पानांत काय लिहिले आहे, ते फक्त मला ठाऊक आहे. त्यात तो मुलगा येतो.