स्थिर साठ

गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं की चष्मेवाला कधी वाद घालत नसे. वाद घालणारे चष्मेवाले उपाशी मरतात, असं त्याचं मत होतं. चष्मा नेऊन तीन दिवस होत नाहीत तोच निवृत्त मास्तर पुन्हा दारात उभे राहिले आणि डोकं दुखतं, अक्षरं पोहतात, नंबरच चुकलाय म्हणू लागले. चष्मेवाल्याने नंबर तपासला. तंतोतंत होता. तरी त्याने कपाळाला आठ्या घातल्या, दोनदा ‘हं’ केलं आणि चष्मा घेऊन तो पडद्यामागे गेला. तिथे त्याने मऊ कापडाने काचा पुसल्या, उगाच टेबलावर पेचकस खडखडवला, कपात उरलेला चहा संपवला आणि बाहेर येऊन म्हणाला, “आता बघा.” मास्तरांनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “आता स्वच्छ दिसतंय,” ते म्हणाले आणि जाताना शेजारच्या दुकानदारालाही त्याच्या हातगुणाचं कौतुक ऐकवून गेले.

हा किस्सा त्याने घरी जेवताना तिखटमीठ लावून सांगितला. बायकोने तो वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या नावावर इतक्यांदा ऐकला होता की तिने नुसतं पाणी पुढे केलं. लेक मात्र कान देऊन ऐकत होती. माणूस डोळ्यांनी बघतच नाही, बापाने तिला शिकवण दिली. त्याला कुणीतरी जाणत्याने सांगावं लागतं की आता तुला दिसतंय, की लगेच दिसायला लागतं. एवढं बोलून तो स्वतःच्याच शहाणपणावर खूश होऊन हसला.

आता असा दुसऱ्याच्या डोळ्यांतलं ओळखणारा माणूस घरात तरी सुखाने बघत असेल, असं कुणालाही वाटेल. पण दिव्याखाली अंधार असायचाच, आणि तो मागच्या खोलीत टेबलाखाली घुमत बसलेल्या कॉम्प्युटरभोवती होता.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत, खुली सिस्टीम होती. सात वर्षांपूर्वी दुकानातल्या मशीनची विकतची सिस्टीम ऐन तपासणीत स्वतःहून अपडेट व्हायला बसली होती, आणि एक डोळा झाकलेली म्हातारी पाऊण तास तशीच खुर्चीत बसून राहिली होती. त्या दिवशी चष्मेवाल्याने शपथ घेतली आणि दुकानात, घरात, बायकोच्या लॅपटॉपवरही लिनक्स चढवलं. बायकोचा प्रिंटर तेव्हापासून मौनात गेला. त्यावर तो म्हणायचा की प्रिंटर चालत नाही हा प्रिंटरचा दोष आहे, आणि गुलामगिरीत छापलेल्या कागदापेक्षा स्वातंत्र्यातला कोरा कागद बरा. बायको छापायचं ते ऑफिसातून छापून आणी.

लेकीला परगावी नोकरी लागली होती. जायला नऊ रविवार उरले असताना तिने एक गेम आणला. एका नदीत एक होडी, होडीत दोन नावाडी. डावं वल्हं एकाकडे, उजवं दुसऱ्याकडे. एकट्याने वल्हवलं तर होडी जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून खेळायला दोघंच लागतात. वाटेत बावीस धक्के, आणि शेवटी समुद्र. लहानपणी बापलेक याच टेबलाशी मांडीला मांडी लावून खेळत असत. मग तिची दहावी आली, त्याचं दुकान वाढलं आणि ते राहून गेलं. जाण्याआधी समुद्र गाठायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने ते सहज बोलल्यासारखं सांगितलं, पण दोन नवे जॉयस्टिक विकत घेऊन आली होती.

पहिल्या रविवारी जेवणं आटोपून दोघं बसली. होडी पाण्यात उतरली, लेकीने उजवं वल्हं मारलं आणि चष्मेवाला म्हणाला, “थांब.”

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात त्याने एक आकडा लावून ठेवला होता. सेकंदाला किती चित्रं सरकतात ते तो आकडा सांगे. चित्रं साठ सरकायला हवीत. आकडा अडतीस म्हणत होता, मध्येच चौतीस.

लेक म्हणाली, मला तर छान दिसतंय. तो तुच्छतेने हसला. तुला वाटतं तसं, म्हणाला, पण माझा धंदाच डोळ्यांचा आहे, मला पाणी अडखळताना दिसतंय. तिने सुचवलं की मग सावल्या कमी करू, सेटिंगमध्ये एक बटण आहे. सावल्या कमी करणं म्हणजे हार पत्करणं, असं त्याचं उत्तर होतं. यंत्रात ताकद आहे, ती कुठेतरी अडली आहे, आणि अडली कुठे ते शोधणं यालाच लिनक्स म्हणतात. दहा मिनिटांचं काम आहे, तू बस.

ती बसली. संध्याकाळपर्यंत बसली.

मुळात गेम लिहिलेला दुसऱ्या सिस्टीमसाठी, त्यामुळे मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसून गेमचं म्हणणं लिनक्सला समजेल असं करून सांगत होता. दुसऱ्या रविवारी चष्मेवाल्याने दुभाषा बदलला. आकडा एकोणचाळीस झाला, पण होडीतले नावाडी गायब झाले आणि नुसती वल्ही हवेत चालू लागली. तिसऱ्या रविवारी त्याने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला. स्क्रीन काळी झाली ती दिवेलागणीपर्यंत काळीच राहिली. त्या काळोखात पांढरी अक्षरं टंकत बसलेल्या बापाकडे लेक मागच्या खाटेवरून बघत होती. शेवटी जुना ड्रायव्हर परत आला, आणि जिथून निघालो तिथेच सुखरूप पोचलो याचाच त्याला इतका आनंद झाला की त्याने बायकोला बोलावून डेस्कटॉप दाखवला. बायको म्हणाली, हे तर सकाळीपण होतं.

चौथ्या रविवारी त्याने आपलं गाऱ्हाणं इंटरनेटवरच्या मंडळात मांडलं. तिथे ‘जुनाजाणता’ नावाचा कुणी होता. तो आधी म्हणाला, हा प्रश्न पूर्वी विचारून झालाय, शोधा. मग म्हणाला, यंत्राच्या नोंदी टाका. चष्मेवाल्याने चौदाशे ओळींच्या नोंदी टाकल्या. जुनाजाणता म्हणाला, तुमचं मुळातच चुकलंय, मी वापरतो ते लिनक्स घाला. खाजवून खरूज काढावी तसा पाचवा आणि सहावा रविवार त्या लिनक्सने खाल्ला. आकडा सदतीस झाला.

या सगळ्यात चष्मेवाल्याची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. सेटिंगच्या फाइलमध्ये तो जे जे बदली, त्याच्यावर एक ओळ लिही: तारीख आणि कारण. न सांगता बदल करणं म्हणजे चोरी, हे त्याने लेकीलाही पढवलं होतं. सातव्या रविवारपर्यंत त्या फाइलीत बदल मूठभर आणि कारणं ढीगभर झाली होती.

आठव्या रविवारी लेक जॉयस्टिक मांडीवर घेऊन बसली होती आणि तो टेबलाखाली पालथा पडून पंख्यातली धूळ उडवत होता. तिने विचारलं, “बाबा, तुला खेळायचंय का नक्की?”

“म्हणजे काय? त्याचसाठी चाललंय ना सगळं,” टेबलाखालून आवाज आला.

ती उठून आईला कपड्यांच्या घड्या घालायला मदत करायला गेली. टेबलाखालून बाहेर आल्यावर खोली रिकामी बघून चष्मेवाल्याला वाटलं, हल्लीच्या पोरांना धीर म्हणून नाही.

नववा रविवार शेवटचा. मंगळवारी तिची गाडी होती. चष्मेवाला आंघोळ करून आला तेव्हा लेक कॉम्प्युटरपुढे बसलेली होती. तिने मान वर न करता सांगितलं की तुझ्या उपायांच्या यादीतलंच एक होतं, सातवं, ते नीट बसलं नव्हतं, ते मी बसवलंय. मग खुर्ची सरकवून ती म्हणाली, “आता बघ.”

चष्मेवाल्याने बघितलं. कोपऱ्यात साठ. होडी हलली, साठ. पुलाखालची झाडी आली, पाण्यात उन्हाचे तुकडे पडले, नावाड्यांच्या सावल्या लांबल्या, तरी साठ. आकडा हलायचं नाव घेईना.

“बघ, बघ कसं चाललंय,” तो म्हणाला. “पाणी बघ. आधी अडखळत होतं की नाही? फरक दिसतोय ना तुला?”

“दिसतोय की,” लेक म्हणाली.

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सातवा उपाय त्याचाच होता. बायकोला हाक मारून त्याने फरक दाखवला. तिने लेकीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, हो, फारच फरक.

मग दोघं खेळली. सकाळी दहाला बसली, दुपारचं जेवणही खेळता खेळता हातात घेऊनच झालं. तो डावा नावाडी. त्याचं वल्हं नेहमी उशिरा पडे आणि होडी डाव्या काठाच्या त्याच एका खडकावर जाऊन आदळे. अकराव्यांदा आदळली तेव्हा लेक हसून हसून खाटेवर आडवी झाली. चष्मेवाला गंभीरपणे म्हणाला की अडतीसवर हे यंत्राच्या माथी मारता आलं असतं, साठवर चूक आपलीच. त्यावर ती आणखी हसली आणि त्याला कारण कळलं नाही, पण तिच्याबरोबर तोही हसला. मध्येच तिने सांगितलं की नव्या गावी एकटं राहायची थोडी भीती वाटते. स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, म्हणून सांगता आलं. त्यानेही नजर न काढताच सांगितलं की दुकान उघडलं तेव्हा पहिला महिनाभर मला शटर वर करायची भीती वाटायची. इतक्या वर्षांत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. अंधार पडेतो बाराव्या धक्क्याला होडी लागली. पुढे दहा उरले.

मंगळवारी लेक गेली.

बुधवारी चष्मेवाल्याने मंडळात विजयाचा लेख लिहिला. सातवा उपाय नेमका काय, तो का चालतो आणि जुन्याजाणत्याला तो का सुचला नाही, हे त्याने सविस्तर मांडलं. दोन दिवसांत एकतीस जणांनी आभार मानले. एकाने कळवलं की तुमचं वाचून केलं आणि माझा गेम लोण्यासारखा चालू लागला.

पुढच्या रविवारी घर फार शांत होतं. करमेना म्हणून त्याने गेम लावला. एकट्याने डावं वल्हं मारलं, होडी जागच्या जागी गरगर फिरू लागली, आणि तो कोपऱ्यातला साठ बघत राहिला. तेवढंही पुरेना, म्हणून त्याने चित्राचा दर्जा वाढवला. साठ. आणखी वाढवला, अगदी टोकाला नेला. यंत्र घरघरू लागलं, पाणी थिजलं, वल्हं इथून उचललं की मधली हवा गाळून एकदम तिथे दिसू लागलं. नावाडी दोन सेकंद हात वर करून ताटकळला. कोपऱ्यात साठ.

इथे मात्र त्या डोळ्यांच्या जाणकाराला कसंसंच झालं. त्याने गेम बंद केला. आकडा दाखवणाऱ्या पट्टीची फाइल काढली. खरा आकडा दाखवायची ओळ बंद करून ठेवलेली होती. तिच्याखाली साधा मजकूर टंकलेला होता: ६०. आणि त्याच्यावर, घरच्या शिस्तीप्रमाणे, तारीख आणि कारण.

“रविवार. चष्मा पुसून दिला.”

आधी त्याला राग आला, पण तो टिकला नाही. मग शरम वाटली, आणि ती टिकली. आठ रविवार ती पोर मांडीवर जॉयस्टिक घेऊन बसली होती आणि तो तिच्याकडे पाठ करून आकडा दुरुस्त करत होता. नवव्याला तिने आकडाच दुरुस्त करून टाकला आणि बाप मागून घेतला. अडतीसवर. त्या दिवशी पाणी एकदाही अडखळलेलं त्याला आठवेना.

मंडळात जाऊन खरं लिहायला त्याने पान उघडलं. आभार मानणारे सत्तेचाळीस झाले होते. त्याने पान मिटवलं. एवढी छाती त्याच्याकडे नव्हती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. खोली बरी आहे, नळाला पाणी आहे, ऑफिसातली माणसं ठीक वाटतात. मग तिने विचारलं, “गेम चालतोय ना?”

“चालतोय.”

“किती येतायत?”

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मघाशी त्याने चित्राचा दर्जा पूर्ववत केला होता, तिची ओळ बंद करून खरा आकडा सुरू केला होता आणि गेम पुन्हा लावला होता. तो चौतीस आणि अडतीसच्या मध्ये फुरफुरत होता.

“साठ,” तो म्हणाला. “स्थिर.”

मग ती म्हणाली, तीन महिन्यांनी चार दिवसांची सुट्टी आहे, दहा धक्के होतील, तोवर काही बदलू नकोस. तो म्हणाला, हात लावत नाही.

फोन ठेवल्यावर त्याने एकदाच हात लावला. खरा आकडा पुन्हा झाकला, लेकीचा साठ जागेवर आणला, तिच्या कारणाखाली आजची तारीख घातली आणि आपलं कारण लिहिलं.

“रविवार. आता स्वच्छ दिसतंय.”