बाबा गियरची नक्कल

दोनला येणारी शवागाराची गाडी साडेतीन वाजले तरी आली नव्हती, आणि शुवाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. अंगणात दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि ती दोन्ही हातांनी लाकडी चाटू धरून मक्याच्या पिठाचा साद्झा घोटत होती. दर दोन मिनिटांनी मान वळवून फाटकाकडे बघायची. गाडी आली असती तर ती सुटली असती. सगळे शवपेटीभोवती जमले असते, आणि नकलेचं राहून गेलं असतं.

पण गाडी येईना, आणि आतल्या खोलीत रडून रडून बायकांचे घसे बसले. आता सुनांना बोलावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणूस गेला की त्याच्या सुनांनी त्याचे कपडे अंगावर चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, बोलायचं, त्याची उणीदुणी चव्हाट्यावर मांडायची आणि दमलेल्या घराला हसवायचं. त्या दिवशी सुनेने काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही. तिच्या गावी, गुटूला, तिने हे शंभरदा पाहिलं होतं. पण तिथली मयत माणसं सरळ बोलणारी होती!

हा सासरा सरळ बोलेल तर शपथ. तीस वर्षं त्याने हरारेत कोंबी, म्हणजे भाड्याची मिनीबस, हाकली. गियर टाकताना खांद्यापासून कमरेपर्यंत सगळा हलायचा, म्हणून सगळी हायफील्डची वस्ती त्याला बाबा गियर म्हणायची. तोंडात सदा स्टँडवरची भाषा. 'कसे आहात' विचारेल तर कसला, 'न्देइपी!' म्हणून ओरडणार. बरं चाललंय का? 'शार्प!' मेंढरासारखी माणसं कोंबायची आणि वर त्यांनाच टोमणे मारायचे, हा धंदा. हीच जीभ तो घरातही चालवायचा.

सात महिन्यांपूर्वी गारिकाईचा हात धरून शुवाई या घरात आली, तेव्हा ती रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली, ओंजळीने टाळ्या वाजवल्या, कुळाचं नाव घेऊन सासऱ्याची खुशाली विचारली. म्हातारा आधी बघतच राहिला. मग म्हणाला, "ए गारिकाई, ही एसआरबी कुठून उचललीस? ऊठ गं बाई, फरशी स्वच्छ आहे, पुसायला नको."

एसआरबी म्हणजे खेडवळ, गावंढळ. शहरातल्या पोरांनी काढलेलं नाव. आणि गारिकाई हसला. चांगला दात काढून हसला! त्या दिवसापासून बाबा गियरने तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. थोरल्या सुनेला तो 'मुरोरा' म्हणायचा, घरातली सून म्हणून. हिला कधीच नाही. शुवाईने सात महिने वाट पाहिली. मग तो पडवीत बसल्या बसल्या छातीवर हात ठेवून गेला, आणि वाट बघायचंही संपलं.

आतून टाळ्यांचा आवाज आला. थोरली जाऊ, माई पनाशे, सुरू झाली होती. शुवाई दाराशी जाऊन उभी राहिली. जाऊ हरारेतच वाढलेली, स्टँडच्या भाषेला तिला काय तोटा! सासऱ्याची टोपी तिरकी घालून तिने दोन-चार शिव्या हासडल्या, गियर टाकल्यासारखी कंबर हलवली. बायका हसल्या, पण तोंडदेखलं.

"हा स्टँडवरचा कुणीही झाला," एस्नाथ वातेते म्हणाल्या. मयताची ही थोरली बहीण, म्हणून पोरासुनांची वातेते, आत्या. घरात त्यांचा शब्द शेवटचा. "माझा भाऊ कुठाय यात? धाकटीला बोलवा."

"तिला नाही जमायचं, वातेते," जाऊ टोपी काढत म्हणाली. "तिला शुद्ध बोलायची सवय. मयतालाच नमस्कार करत बसेल."

खोलीत खसखस पिकली.

"सून असशील तर ये," वातेते तिच्याकडे बघत म्हणाल्या. "पाहुणी असशील तर बस हो, चहा येईल."

भिंतीला टेकून सासू बसली होती, अमाई. गेल्या दोन दिवसांत तिने पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. तिने मान वर केली नाही. शुवाईने पिठाचे हात कमरेच्या कापडाला पुसले आणि टोपी घेतली. मनात म्हणाली, होऊ दे काय व्हायचं ते.

आधी तिने नुसता घसा खाकरला, तीनदा, तिसरा लांबवून. कोपऱ्यातली एक म्हातारी दचकलीच.

"न्देइपी, न्देइपी! सरका, सरका! एका बाकावर चार-चार! तू मावशी, तुझी एकटीची दीड सीट होतेय, अर्धी जावयाला दे! काय म्हणालास? श्वास घेता येत नाही? अरे राजा, श्वास घ्यायचा तर टॅक्सीने जा!"

हशा असा फुटला की बाहेर शेकोटीजवळचे पुरुष खिडकीशी आले. शुवाई थांबली नाही. आता थांबणं तिच्या हातातच नव्हतं. सात महिने भिंतीआडून, चुलीशी बसून, राग गिळत ती या माणसाचा शब्द न् शब्द ऐकत आली होती. चिडलेला माणूस किती नीट ऐकतो! फोनवर मेहुण्याला 'शार्प, शार्प, शार्प' करून तो कसा मध्येच फोन ठेवायचा, चर्चला जाताना बुटांना कसा शिव्या द्यायचा, हरलेल्या फुटबॉल टीमचं कसं सुतक पाळायचा, सगळं तिच्या तोंडून बाहेर येत होतं. वातेते डोळे पुसत होत्या आणि मांडीवर थापा मारत होत्या. "तोच! अगं बाई, तोच!"

खिडकीत गारिकाई उभा होता. तो हसत नव्हता. बापाकडे बघावं तसा बायकोकडे बघत होता.

मग शुवाई दाराबाहेर गेली, काल्पनिक फाटक बडवलं आणि ओरडली, "ए मास्तरीणबाई! फाटक उघड, तुझा खटारा आलाय!"

"पेट्रोल असेल तर आत ये," अमाई म्हणाली, "नाहीतर राहा बाहेर ढकलत."

अमाईने स्वतःच तोंडावर हात नेला. रोजचं उत्तर, आपोआप आलं होतं. तिने शुवाईकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "आणि तुला? तुला कसा हाक मारायचा? म्हण ना."

खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण आवाज तिच्याकडे होता. या क्षणी तो म्हातारा तिच्या घशात होता आणि ती म्हणेल ते तो म्हणणार होता. तिला स्वतःची लाज वाटली, तरी राहवलं नाही.

"ए मुरोरा," ती त्याच्या आवाजात म्हणाली. "मुरोरा, पोरी, चहा आण गं."

कुणी हसलं नाही. माई पनाशेने मान खाली घातली.

"असं तो कधी म्हणाला नाही," अमाई म्हणाली.

"नाही म्हणाले," शुवाईने कबूल केलं. टोपी काढून ती गुडघ्यांवर बसली. "चुकले, अमाई."

"मी रोज डोकं खायची त्याचं. अरे, एकदा तरी पोरीला मुरोरा म्हण. ती वाट बघते, मला दिसतं. तर म्हणायचा, म्हणेन गं, घाई काय आहे? ती पळून चाललीय का मी?" अमाईने हात पुढे करून शुवाईचं मनगट घट्ट धरलं. "पुन्हा म्हण."

शुवाईने घसा खाकरला, तीनदा. तोंड उघडलं.

"ए मुरोरा..."

पण आवाज तिचाच निघाला, बारीक, गुटूचा, रडण्याने फाटलेला. तिने परत प्रयत्न केला, परत तेच.

अमाई डोळे मिटून मान हलवत होती. "हं," ती म्हणाली. "हं. पुढे?"