मेव्हण्यांचा मुक्काम आणि आमचा आग्रह

सुज्ञ वाचकहो, माझे थोरले मेव्हणे सहकुटुंब आमचे घरी मुक्कामास आले असता जो प्रसंग गुदरला, तो त्यात झालेल्या सर्व सहलींसह मी येथे यथामती निवेदन करणार आहे. यात कोणाचाही उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. तथापि काही ठिकाणी उपमर्द आपोआप झालेला दिसेल, त्यास घटना जबाबदार आहेत.

आमचे वास्तव्य मुरूम येथे असून बाजाराच्या मागील आळीत माझी पिठाची गिरणी आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतच होऊ शकले. परंतु दळण पडत असताना ग्रंथवाचन करण्याची सवय मी जडवून घेतली, त्यामुळे माझी भाषा बरीच सुधारली आणि ग्रंथ मात्र पांढरे झाले. घरात माझे वडील कोंडिबा, ज्यांना सर्वजण तात्या म्हणतात, माझी पत्नी सुमनबाई आणि एकुलती कन्या श्रावस्ती, एवढी माणसे आहेत.

श्रावस्ती बारावी उत्तीर्ण झालेली असून सोलापूरच्या एका नर्सिंग कॉलेजाच्या दुसऱ्या यादीत तिचे नाव लागले. शनिवारी दुपारपर्यंत मूळ कागदपत्रे घेऊन पालकासह हजर राहावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल, असे तिला कळविण्यात आले होते. आमच्या घराण्यातील समस्त मंडळी आजवर दवाखान्यात केवळ पेशंट म्हणून गेलेली आहेत. दवाखान्यात खुर्चीवर बसणारी अशी ही पहिलीच होणार होती.

हा निरोप सोमवारी आला, आणि मंगळवारी मेव्हणे आले.

मेव्हण्यांचे नाव प्रसेनजितराव. ते तरुणपणीच पिंपरीस गेले व तेथील एका कारखान्यात सुपरवायझर झाले. त्यांनी नवी पांढरी मोटार घेतली होती, ती बहिणीस दाखवावी व दोन दिवस राहून परतावे, या उद्देशाने ते पत्नी वृषालीवहिनींसह आले. मोटार पाहून तात्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि बैल पारखावा तसा चाकावर हात ठेवून म्हणाले, "जनावर चांगलंय."

आता येथे आमच्या घरच्या दोन रीती सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व अनर्थ त्यांतूनच उद्भवला. पहिली रीत अशी, की पाहुणा निघाला म्हणजे त्यास तीनदा थांबवावे. पाहुण्याने तीनही वेळा नकार द्यावा आणि मग सुखाने जावे. दुसरी रीत अशी, की पाहुणा घरात असेतोवर आपल्या कामाचा उच्चार करू नये. मंगळवारी रात्रीचे जेवण होण्यापूर्वीच तात्यांनी आम्हा तिघांस माजघरात बोलावून बजावले, "पोरीच्या कालेजाचं पाहुण्याफुडं काई बोलायचं न्हाय. आपल्या कामाचं नाव काढलं की पाहुण्याची पिशवी दारात ठिवल्यावानी होतंय."

"पण तात्या, शनवारी जायचंय," श्रावस्ती म्हणाली.

"ते बेस्तरवारी जातेत की. दोन दिसाचं तर पाहुणं."

बुधवारी आम्ही नळदुर्गचा किल्ला पाहिला. यंदा पाऊस बरा झाल्याने नर-मादी धबधबा पडत होता. वृषालीवहिनींनी त्याच्यासमोर इतके फोटो काढविले, की शेवटी धबधबा मागे आहे की पुढे हेच मला समजेना. प्रसेनजितराव किल्ल्याच्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "दाजी, आमच्या कंपनीची भिंत दोन वर्षांत तडकली. हे बघा काम!" एकंदरीत सहल उत्तम झाली. शेंगाची चटणी संपली, एवढीच तक्रार.

गुरुवारी सकाळी प्रसेनजितराव पिशवी घेऊन उभे राहिले व म्हणाले, "दाजी, येतो आता."

मी रीतीप्रमाणे म्हणालो, "हे काय बोलणं झालं? आजचा दिवस थांबा की."

वाचकहो, या ठिकाणी त्यांनी 'नाही' म्हणावयाचे होते. ते म्हणाले, "बरं. एवढं म्हणताय तर थांबतो." आणि पिशवी पुन्हा आत नेऊन ठेवली. माझ्या तोंडात दोन आग्रह शिल्लकच राहिले. वृषालीवहिनींनी पतीकडे पाहिले, सुमनबाईंनी पतीकडे पाहिले, आणि आम्ही दोघे पती एकमेकांकडे पाहून हसलो.

थांबविलेल्या पाहुण्यास घरी बसवून ठेवणे हा पुन्हा वेगळा अपमान असल्याने तेरला जाण्याचे ठरले. तेर हे अतिप्राचीन स्थळ असून तेथे पुरातन वस्तूंचे संग्रहालय आहे. शिवाय तेथील जुन्या स्तूपाच्या अवशेषांबद्दल आम्हा बौद्ध कुटुंबांस विशेष ओढ आहे. परंतु सुमनबाईंनी धपाटे केले, ते तात्यांनी आग्रहाने वाढले, ते प्रसेनजितरावांनी एकदाही नाही न म्हणता खाल्ले, आणि या कार्यक्रमात दुपार झाली. तेरला पोहोचलो तेव्हा संग्रहालय बंद होण्याची वेळ टळून गेली होती. आम्ही बंद दारासमोर ओळीने उभे राहून फोटो काढला. प्रसेनजितराव गंभीर होऊन म्हणाले, "आपला इतिहास आहे हा. माणसानं एकदा तरी यावं."

"आत जाऊन यावं," श्रावस्ती हळूच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पुन्हा पिशवी उचलली गेली. मी मनाशी निश्चय केला होता, की या खेपेस आग्रह अगदी दुबळा करावयाचा. म्हणून मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "थांबला असता तर..." वाक्य पूर्ण होण्याच्या आत पिशवी खाली होती.

त्या दिवशी तुळजापूर झाले. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून आम्ही देवदर्शनास जात नाही. परंतु तुळजापूरचा बाजार, उसाचा रस व बांगड्या यांच्याबाबत कोणतीही प्रतिज्ञा झालेली नसल्याने वृषालीवहिनींनी तेथे चार तास आनंदाने घालविले. रसवंतीत बसलो असता श्रावस्तीने सहज विचारल्यासारखे केले, "मामा, सोलापूर इथनं किती लांब हाय वो?"

तात्यांना लगेच खोकला आला.

"घंटाभराची वाट. का गं?" प्रसेनजितराव म्हणाले. "जायचंय तुला? पुढच्या खेपेला नेतो की. तळ्यात नाव फिरती तिथं."

"पुढच्या खेपेला," असे म्हणून श्रावस्तीने रसाचा पेला तसाच ठेवला. तो तात्यांनी प्याला. त्यामुळे खोकला थांबला.

संध्याकाळी मी गिरणी उघडली. तीन दिवसांचे डबे रांगेने वाट पाहत होते. पट्टा चालू असताना आतले बोलणे बाहेर जात नाही, म्हणून सुमनबाई व श्रावस्ती तेथेच आल्या.

"उद्या शनवार हाय, पप्पा," श्रावस्ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पीठ उडाल्याने ते तसे झाले असावेत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"आपण दोघं पहाटंच्या येष्टीनं गेलो तर?" तिने विचारले.

"घरात पाहुणा, आणि घरधनी गायब? लोक काय म्हणतील?"

"लोक पीठ मागतेत, दुसरं काई म्हणत न्हाईत," सुमनबाई कडाडल्या. "ऐका माझं. उद्या दादा निघाला की तुमी तोंडाला कुलूप लावायचं. एक शबूद काढायचा न्हाय. तात्याला मी परसात शेंगा निवडायला बसवते. पाहुणं गेलं की लगीच सोलापूरची गाडी धरायची."

मी वचन दिले.

शनिवारी सकाळी पाहुण्यांच्या पिशव्या मोटारीत गेल्या. वृषालीवहिनी पुढच्या सीटवर बसूनही राहिल्या. प्रसेनजितराव दारात येऊन म्हणाले, "दाजी, निघतो."

मी गप्प राहिलो.

"म्हणजे... निघतोच आता."

मी दातांवर दात दाबले. सुमनबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. समोरच्या घरातील म्हातारी हातातली केरसुणी थांबवून पाहू लागली.

"येतो मग," असे तिसऱ्यांदा म्हणून प्रसेनजितरावांनी मान खाली घातली. वाचकहो, त्या वेळचा त्यांचा चेहरा मला पाहवेना. माझ्या उंबऱ्यावरून आजवर एकही पाहुणा असा कोरडा गेलेला नव्हता. इतक्यात परसातून शेंगांची पाटी घेऊन तात्या पुढे आले व विचारते झाले, "कामून वो, कुणी काईच बोलंना? भांडणं झाली का?"

त्या प्रश्नासरशी माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. "भांडण कसलं!" मी ओरडलो. "असं कसं जाताव? संध्याकाळी मटणाचं वशाट करायचंय. उद्या जावा!"

"बरं," प्रसेनजितराव म्हणाले आणि त्यांनी डिकी उघडली.

सुमनबाईंनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन करण्यास मराठी भाषा समर्थ आहे, परंतु मी समर्थ नाही.

त्याच क्षणी श्रावस्ती घरातून बाहेर आली. अंगावर नवा ड्रेस, छातीशी कागदपत्रांची फाइल. ती सरळ मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतले.

"मामा, पिशव्या काढू नका. मला सोलापूरला सोडा."

"आज? अगं, आज वशाट..."

"दुपारपर्यंत न्हाय पोचले तर माझी जागा जाती. नर्सिंगला नंबर लागलाय माझा."

प्रसेनजितरावांच्या हातातील पिशवी तशीच राहिली. "नंबर लागलाय? आणि हे आत्ता सांगतीस?"

"तुमच्यापुढं कामाचं नाव काढायचं न्हाय, असं तात्यांनी सांगितलंय. नाव काढलं की तुमाला हाकलल्यासारखं होतंय म्हणं."

सर्वांनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी पाटीतील एक शेंग फोडली. "म्या आपली रीत सांगितली. आमच्या येळंला रीतीत कालेज नव्हतं."

"दाजी!" प्रसेनजितरावांचा आवाज चढला. "मला धबधबं दाखवत फिरलाव, आन् पोरीची जागा चाललीय ते सांगंना? मी काय परका हाय?" रागाच्या भरात त्यांची पिंपरीची भाषा गळून पडली व मुरूमची वर आली.

"पाहुण्याला जा कसं म्हणायचं?" मी म्हणालो.

तेव्हा वृषालीवहिनींनी काचेतून डोके बाहेर काढले. "आणि ह्यांचं काय? गुरुवारपासून कंपनीतून फोनवर फोन येताहेत. मी रोज म्हणतेय चला, तर म्हणतात, दाजी इतक्या जिव्हाळ्यानं थांबवतात, त्यांचं मन कसं मोडू!"

"तीनदा नाही म्हणायचं असतंय रे दादा!" सुमनबाईंनी कपाळावर हात मारला. "एवढं बी विसरलास?"

"मला काय ठाऊक?" प्रसेनजितराव म्हणाले. मग त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "तिकडं कुणी एकदासुद्धा थांब म्हणत न्हाय गं."

मग सुमनबाई आत गेल्या, भाकऱ्यांचे गाठोडे व येसर मसाल्याची पुडी घेऊन आल्या, आणि ते सर्व त्यांनी भावाच्या हातात दिले. "जा आता, दादा," त्या म्हणाल्या. माझ्या पत्नीच्या तोंडून पाहुण्यास 'जा' हा शब्द मी प्रथमच ऐकला, आणि सांगावयाचे तर तो फार मायेचा वाटला.

मी कसाबसा पायांत चपला घालून गाडीत बसलो. गिरणीसमोर दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. "गिरणी कवा चालू व्हणार वो?" असे त्या ओरडल्या, परंतु मोटार थांबली नाही. नळदुर्गजवळ वृषालीवहिनी म्हणाल्या, "आज पाणी जास्त पडत असेल नाही?" त्यासाठीही मोटार थांबली नाही. प्रसेनजितराव पुढे वाकून असे गाडी हाकीत होते, की जणू नंबर त्यांचाच लागला आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा कॉलेजच्या खिडकीसमोर आणखी दोन मुली होत्या. श्रावस्ती रांगेत उभी राहिली. मला पालक म्हणून सही करावयास बोलावले, ती मी संपूर्ण नावानिशी केली. थोड्या वेळाने ती बाहेर आली. हातातली पावती तिने आधी मामास दाखविली, मग मला. त्याचे मला वाईट वाटले नाही. मोटार त्यांची होती.

रस्त्यावर निरोप घेताना प्रसेनजितराव म्हणाले, "दाजी, दिवाळीला सगळे या तिकडं. आठ दिवस राहायचं."

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, इतक्यात श्रावस्ती म्हणाली, "आठ दिवस न्हाय जमायचं मामा, माझं कॉलेज असंल. दोन दिवस येऊ."

"दोन तर दोन," मामा म्हणाले, गाडीत बसले व पुण्याच्या दिशेने निघून गेले. इतक्या थोड्या शब्दांत आटोपलेला आणि कोणाचेही मन न मोडलेला निरोप मी जन्मात पाहिला नव्हता.

परतीच्या एसटीत श्रावस्ती खिडकीशी बसली होती. बरेच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "पप्पा, आता कुणी पाहुणं आलं तर?"

"आले तर येऊ दे. आपलं दार उघडं आहे."

"आन् जाताना?"

यावर मी मुरूमचा फाटा येईपर्यंत विचार केला. "जाताना तू बोलत जा," मी म्हणालो.

येथे हा वृत्तांत पूर्ण झाला. वाचकांनी आपला अमोल वेळ मजसारख्या अल्पशिक्षित माणसाच्या लेखनास दिला, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. कोणास घाईचे काम असल्यास त्यांनी येथूनच उठावे, मी थांबविणार नाही.

आपला नम्र,
प्रेमानंद कोंडिबा बनसोडे
पिठाची गिरणी, मुरूम