भरल्या पाटातली तहान

पंप बंद झाला आणि वाडीत शांतता उतरली. सालोमीच्या हातात केळीचे पान होते; कडेने करपलेले, मधल्या शिरेपाशी अजून हिरवे. तिने ते हिरामणपुढे धरले होते. तो मात्र पान सोडून सगळीकडे पाहत होता: ओल्या पाटाकडे, विहिरीच्या कठड्याकडे, माडांच्या शेंड्यांवर साचलेल्या मे महिन्याच्या पांढऱ्या उजेडाकडे.

"दोनदा पोटॅश घातला," ती म्हणाली. "तू सांगितलास तेवढाच, मूठ मोजून. आणखी घालू काय, हिरामणदादा?"

हिरामणच्या खिशात चार दिवसांपूर्वी आणलेला एक कागद घामाने मऊ पडत होता.

नंदाखालात पान वाचणारा माणूस म्हणून त्याला मान होता. लोक लांबून पान घेऊन येत. तो ते उन्हात धरी आणि झाडाला कसली भूक आहे ते सांगे. दिवाळीनंतर सामाईक विहिरीवरच्या दोन्ही वाड्यांत, त्याच्या आणि शेजारच्या सालोमीच्या, पानांच्या कडा जळू लागल्या. नवे पान अरुंद, अंग चोरून बाहेर येऊ लागले. त्याने निःशंकपणे सांगितले, पोटॅशची भूक.

मग मागच्या महिन्यात चंदनसारला दिलेली त्याची लेक चंद्रकांता माहेरी आली आणि एका घोटानंतर तिने चहाचा कप खाली ठेवला. "बाबा, यात मीठ पडलंय." हिरामणने चाखला, त्याच्या बायकोने, मालनने चाखला; दोघांनाही काही लागले नाही. विहीर इतक्या हळूहळू खारावली होती, की तिच्याबरोबर त्यांच्या जिभाही खारावत गेल्या होत्या.

त्याने बाटलीभर पाणी तपासणीला नेले. निकालाचा कागद देताना तिथल्या साहेबाने शांतपणे सांगितले, "मुळं पाण्यात उभी आहेत आणि तहानलेली आहेत. मीठ त्यांना पाणी ओढू देत नाही. कडा मिठाने जळतात. तुम्ही टाकलात तो पोटॅशही एक मीठच. विहिरीत बोअर मारलीय का?"

मारली होती. सालोमीचा नवरा ज्युलियस होता तोवर रहाट होता. पाझरेल तेवढेच घ्यावे, असे तो म्हणे. तो गेल्यावर हिरामणनेच पंप बसवला आणि तळाला बोअर घेतली. पाणी उसळून आले. त्याच्यामागून खाडीही आली.

आणि सालोमीने दिरांना शब्द दिला होता: यंदाचा घड भरला तर वाडी राखायची, नाहीतर बिल्डरला द्यायची.

"सांगा तिला," सकाळी मालन म्हणाली होती.

"सांगितलं तर ती वाडी विकेल."

"नाही सांगितलंत तर आणखी पोटॅश घालेल. पानं वाचता, आणि एक कागद वाचायला चार दिवस लागले तुम्हाला?"

आता त्याने तो कागद बाहेर काढला, पण तिच्या हाती दिला नाही. "सालोमी गो, भूक नव्हती ती," तो म्हणाला. "पाणी खारं झालंय. माझ्या बोअरनं. वरून मी मीठच घालायला लावलं तुला."

सालोमीने पान खाली केले.

"पहिल्याच गोणीला मी म्हटलेलं," ती सावकाश म्हणाली, "हे लाल मिठासारखं दिसतं. तू हसलास."

"हसलो."

"माझीच मूठ कमी पडते असं वाटायचं मला. दुसऱ्या वेळी जरा मोठी घेतली."

हिरामणला कुठे पाहावे ते कळेना. तो घाईघाईने बोलू लागला: खत बंद करायचे, बुंध्याशी शेणखत द्यायचे, पावसाने जमीन धुतली जाईपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही.

"पावसाला तीन आठवडे आहेत."

"हो."

"तोवर केळी कोरडी?"

"काही मरतील."

"आणि हेच पाणी दिलं तर?"

"तरी मरतील. किती, ते मला सांगता येत नाही."

असे वाक्य त्याने या वाडीत कधी उच्चारले नव्हते. वारा सुटला; करपलेल्या कडा एकमेकींवर घासल्या.

"उद्याची पाण्याची पाळी तुझी आहे," तो म्हणाला. "पंप लावू काय?"

सालोमी वळली. पहिल्याच ओळीत एक केळ भाराने कलली होती. तिने बांबूचा टेकू उपसून पुन्हा घट्ट रोवला, घडाखाली तळहात धरून वजन पाहिले. मग पुढची केळ, मग त्यापुढची. तिसऱ्या टेकूनंतर तिने हात लुगड्याला पुसले आणि पंपाकडे न पाहता बांधावरून घराकडे चालू लागली.